अर्धविराम कोणाचा?

सी भाषेत मॅक्रो लिहिणे सोपे. पण दुसऱ्या कोणी तो कुठेही वापरला तरी बिघडणार नाही, असा लिहिणे ही विद्या आहे. ती शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाचे या पुस्तकात मनापासून स्वागत. इफ-एल्स आणि फंक्शन समजत असतील, तर तेवढी तयारी पुरे.

डेनिस रिची बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सी घडवत होते, तेव्हाच प्रीप्रोसेसर भाषेला जोडला गेला. तो मॅक्रोच्या नावाजागी त्याचा मजकूर ठेवतो. विधान कुठे सुरू झाले, कुठे संपले, हे त्याच्या गावीही नसते.

दोन चलांच्या किमती अदलाबदल करणारा ‘स्वॅप’ घ्या. त्यात तीन विधाने. तात्पुरता चल बाहेर जाहीर केलेला. इफपुढे महिरपी कंसाविना तो वापरला, की अट पहिल्याच विधानाला लागते आणि उरलेली दोन बिनशर्त चालतात. जीसीसीने यासाठी खास इशारा आणला तो २०१८ साली, आठव्या आवृत्तीत. बरे, तिन्ही विधाने महिरपी कंसात घातली, तर वापरणारा सवयीने पुढे अर्धविराम देतो, इफ तिथेच संपतो आणि खालचा एल्स उघडा पडतो.

म्हणून ती ‘डू’ आणि ‘व्हाइल शून्य’ यांच्यामध्ये ठेवायची. लूप एकदाच चालतो, आणि त्याला शेवटी लागणारा अर्धविराम वापरणाऱ्याकडूनच येतो. लिनक्स कर्नलचे लेखननियमही हेच सांगतात. मला ही सीमधली सर्वांत देखणी युक्ती वाटते.

तरी तिने सगळे भागत नाही. तात्पुरता चल ‘टेम्प’ या नावाने आत जाहीर केला आणि वापरणाऱ्याच्या चलाचे नावही तेच निघाले, तर आतला चल बाहेरच्याला झाकतो: अदलाबदल होतच नाही, आणि प्रोग्रॅम मुकाट पुढे जातो. आतला ‘ब्रेक’ बाहेरच्या लूपऐवजी याच लूपमधून बाहेर पडतो. मॅक्रोत दोनदा आलेला ‘आय प्लस प्लस’ दोनदा वाढतो. जिथे फंक्शनने भागते तिथे फंक्शनच लिहावे, असे माझे ठाम मत आहे. १९९९ च्या मानकापासून सीमध्ये इनलाइन फंक्शनही आहे. पण चुकीच्या नोंदीत वापरणाऱ्याच्या फाइलचे नाव आणि ओळ आपोआप यायची, तर मॅक्रोच हवा. पुढली प्रकरणे अशाच जागांविषयी आहेत. ती वाचताना जीसीसीला ‘वजा ई’ हा पर्याय देऊन प्रत्येक मॅक्रोचा विस्तार स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.