डेटा कुठे आणि हुकूम कुणाचा?

मराठी माणसाला मँचेस्टर आधी कळले ते कापडामुळे. इचलकरंजीला आपण अजूनही 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणतो. या नावामागे कौतुक आहे तशी एक जुनी सलही आहे. १८९६ साली लँकशायरच्या गिरणीमालकांच्या आग्रहापायी हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या कापडावर ३.५ टक्के अबकारी कर बसला. कापूस आपला, मजूर आपले, गिरण्याही मुंबईच्या. नियम मात्र दुसऱ्याच्या सोयीचा. पुण्यात टिळकांनी त्याविरुद्ध रान उठवले, तरी कर हटायला १९२५ साल उजाडले. माल आपल्या अंगणात असला म्हणजे त्यावर सत्ताही आपलीच असते असे नाही, हे मुंबईकर तेव्हा शिकले. आज कापसाच्या जागी डेटा आहे, एवढाच फरक.

गंमत म्हणजे या नव्या गोष्टीतही मँचेस्टर आहेच. २१ जून १९४८ रोजी इथल्या युनिव्हर्सिटीत विल्यम्स, किलबर्न आणि टूटिल यांच्या 'बेबी' यंत्राने स्वतःच्या स्मृतीत साठवलेला प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवला. ७ डिसेंबर १९६२ ला 'ॲटलस' सुरू झाला. तो इतका महाग होता की एकट्याने वापरणे परवडणारे नव्हते. युनिव्हर्सिटी आणि फेरांटी कंपनी त्याचा वेळ वाटून घेत. दुसऱ्याच्या यंत्रावर आपले काम चालवायचे, ही आजच्या क्लाउडची मूळ कल्पना तेव्हाच रुजली होती.

यंत्रामागोमाग कायदा आला. डेटा संरक्षणाचा युरोपीय करार २८ जानेवारी १९८१ ला सह्यांसाठी खुला झाला. ज्या देशात तोडीचे संरक्षण नाही तिथे माहिती पाठवणे रोखण्याची मुभा त्यात होती. आपण बाहेर पडलो तर धंदा बुडेल, ही धास्ती ब्रिटनला होती. नागरिकांच्या खासगीपणाच्या कळवळ्यापेक्षा ही व्यापारी भीतीच १९८४ च्या कायद्यामागे जास्त होती, असे माझे मत आहे. पहिले रजिस्ट्रार झाले एरिक हाउ. ते आधी मँचेस्टरच्या नॅशनल कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये होते. त्यांचे कार्यालय थाटले गेले मँचेस्टरच्या दक्षिणेला, चेशायरमधल्या विल्मस्लो या टुमदार गावी.

या कार्यालयाची १९९० मधली एक कारवाई मला फार आवडते. ब्रिटिश लोकांची नावे आणि पत्ते अमेरिकेतल्या काही टपाल-जाहिरातवाल्यांकडे चालले होते. या मंडळींचा धंदा भविष्य सांगण्याचा आणि धार्मिक ताईत-गंडे विकण्याचा. हाउ यांनी सरळ मनाईची नोटीस काढली: यादी देशाबाहेर जाणार नाही! तेव्हा हे जमले, कारण यादी ही एक वस्तू होती. ती एका जागी असे आणि हलवायची तर कुणीतरी हलवावी लागे. सीमेवर अडवता येत होती.

क्लाउडने नेमके हेच मोडले. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मायक्रोसॉफ्टला एका खात्यातले ईमेल देण्याचा आदेश दिला. ईमेल होते डब्लिनमधल्या सर्व्हरवर. कंपनी म्हणाली, माल आयर्लंडमध्ये आहे, तिथला कायदा लावा. सरकार म्हणाले, माल कुठेही असो, किल्ली तुमच्या हातात आहे. २०१६ मध्ये अपील न्यायालयात कंपनी जिंकली. प्रकरण सुप्रीम कोर्टात असतानाच अमेरिकन संसदेने वादच मिटवून टाकला. २३ मार्च २०१८ च्या क्लाउड कायद्याप्रमाणे अमेरिकी कंपनीच्या ताब्यातला डेटा जगात कुठेही असला तरी मागता येतो.

त्यानंतर दोन आठवड्यांतच, ६ एप्रिलला, रिझर्व्ह बँकेने फर्मान काढले की पैशांच्या देवघेवीची सगळी माहिती भारतातच साठवायची. मुदत सहा महिने. २५ मेपासून युरोपचा जीडीपीआर लागू झाला. एका वसंतात तीन सत्तांनी तीन रेघा ओढल्या, आणि त्यातली अमेरिकेची रेघ बाकी दोघींच्या अंगणातून गेली. म्हणून मुंबईतले किंवा लंडनमधले डेटा सेंटर दाखवून कुणी 'तुमचा डेटा देशातच आहे' असे सांगितले, तर ते खरे असते पण पुरते नसते. कंपनी कोणत्या देशाची आणि कुलपाची किल्ली कुणाकडे, हे दोन प्रश्न उरतातच. करार वाचताना मी आधी हीच पाने शोधतो. पत्त्याचे पान नंतर.

आपल्यासारख्यांचा संसार तर दोन्हीकडे पसरलेला. गावाकडचा सातबारा, भावाला दिलेले मुखत्यारपत्र, आईच्या औषधांच्या चिठ्ठ्या, सगळे एकाच खात्यात. त्यावर कुणाचा हात आहे हे परकीय सरकारापुरते थांबत नाही. ब्रिटन आणि अमेरिकेने आपसात केलेला डेटा-करार ३ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाला; त्यामुळे गंभीर गुन्ह्यांच्या तपासात एका देशाची यंत्रणा दुसऱ्या देशातल्या कंपनीकडे थेट मागणी करू शकते. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये, ब्रिटिश सरकारने आयक्लाउडमध्ये शिरण्याची वाट मागितल्याच्या बातम्या येत असतानाच, ॲपलने ब्रिटनमधल्या नव्या ग्राहकांसाठी सर्वात कडक कुलपाची सोय बंद केली. या कुलपाची किल्ली फक्त ग्राहकाकडे असते, कंपनीकडेही नाही. त्या दिवशी पुण्यातल्या भावाला आपल्या फोटोंना हे कुलूप लावता येत होते आणि मँचेस्टरच्या बहिणीला नाही.