पेजेपासून सलाईनपर्यंत : भिसेगाव परिसरातील आजारी कुत्र्याच्या शुश्रूषेचा इतिहास

कर्जत रेल्वे स्थानकाला लागून असलेले आणि आता कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीत मोडणारे भिसेगाव हे बोरघाटाच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यातील भातशेतीच्या मुलखात वसलेले आहे. या मुलखाला कुत्रे नवे नाही. परंतु लहानशा कुत्र्याला हगवण-वांती लागली म्हणून त्याचे वजन करायचे, त्याच्या शिरेत सलाईन लावायचे आणि रात्रभर त्याच्याजवळ बसायचे ही रीत मात्र अलीकडची आहे. तिचा उगम शोधू गेल्यास तो एकट्या श्वानवैद्यकात सापडत नाही. कोकणी स्वयंपाकघर, गुरांचा सरकारी दवाखाना आणि माणसांच्या पटकीवरील (कॉलऱ्यावरील) उपचार अशा तीन निराळ्या वाटांनी ती कुत्र्यापर्यंत पोहोचली, आणि म्हणूनच तिचा इतिहास एका जागी लिहिलेला आढळत नाही.

भारतीय पशुवैद्यकाची परंपरा जुनी असली तरी तिचे लक्ष प्रामुख्याने राजाच्या उपयोगी पडणाऱ्या प्राण्यांवर होते. शालिहोत्राच्या नावावर अश्वचिकित्सा आणि पालकाप्याच्या नावावर हत्तींचे आयुर्वेदशास्त्र चालत आले. कुत्र्याच्या वाट्याला असा मोठा स्वतंत्र चिकित्साग्रंथ आला नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात 'सारमेयविनोद' असे प्रकरण आहे खरे (सारमेय म्हणजे कुत्रा), पण तेथे कुत्रा येतो तो राजाच्या मृगयेचा सोबती म्हणून. मराठी लोकधर्माने दत्ताच्या पायाशी आणि खंडोबाच्या सोबतीला कुत्र्याला आदराची जागा दिली, तरी त्या आदराचे रूपांतर औषधोपचारात झाले नाही. कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यातील कातकरी आणि ठाकर समाजांत कुत्रा शिकारीचा व राखणीचा साथीदार होता आणि जे घरात शिजे त्याच्यातलेच त्याला मिळे.

घरगुती शुश्रूषेची सामग्रीही त्याच चुलीवरची होती. पोट बिघडलेल्या कुत्र्याला एखादा दिवस उपाशी ठेवायचे, मग पेज किंवा ताकभात द्यायचा, एवढाच तो उपचार. पेज म्हणजे तांदूळ भरपूर पाण्यात मऊ शिजवून, किंचित मीठ घालून केलेले पातळ अन्न. आजच्या शरीरविज्ञानाच्या कसोटीवर ती चांगलीच उतरते, कारण तांदळातील पिष्टाचे ग्लुकोज होते, ग्लुकोजबरोबर मिठातील सोडियम आतड्याच्या भिंतीतून आत घेतले जाते आणि त्यांच्या मागोमाग पाणीही शरीरात जाते. दुधात कुस्करलेली पोळी प्रेमाने पुढे करण्याची सवय मात्र घातक ठरत आली आहे. प्रौढ कुत्र्याच्या आतड्यात दुधातील साखर पचविणारे विकर कमी असल्याने आजारात दूध हगवण वाढविते. हराळी खाऊन कुत्रा स्वतःच आपले पोट साफ करतो, हा समजही सर्वत्र आढळतो. वस्तुतः निरोगी कुत्रीही नित्य गवत खातात, त्यामुळे या समजाच्या भरवशावर उपचार लांबविणे धोक्याचे आहे.

कुत्र्याच्या जिवाला सार्वजनिक प्रश्नाचे रूप प्रथम मुंबईत आले. पोलिसांनी मोकाट कुत्री मारण्याची मोहीम उघडल्यावर जून १८३२ मध्ये पारशी समाजाच्या पुढाकाराने हरताळ आणि दंगा झाला, आणि १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ, म्हणजे अनाथ व जखमी प्राण्यांचे आश्रयस्थान, उभा राहिला. तेथे जीव वाचविण्याची भावना प्रबळ होती. रोगाचे निदान करणारी संस्था येण्यास आणखी अर्धशतक लागले. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे त्यांच्या पत्नीच्या नावाचे बाई साकरबाई प्राणी रुग्णालय निघाले आणि त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस कुत्र्यांच्या रोगांवर स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ लिहिला, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे, कारण परळच्या शिक्षणात कुत्रा अगदी आरंभापासून होता. परळ स्थानक ज्या लोहमार्गावर आहे तोच मार्ग पुढे कर्जतला येतो. तरीही या विद्येला रुळांवरचे हे अंतर कापण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

याचे कारण सरकारी पशुवैद्यक खात्याच्या जन्मात आहे. हे खाते गुरांसाठी, आणि त्यातही बुळकांडीसाठी, निर्माण झाले. बुळकांडी म्हणजे गाय-बैल-म्हशींना तीव्र हगवण लावून काही दिवसांत मारणारा विषाणुजन्य रोग. १८७१ च्या सरकारी आयोगाने त्याची पाहणी केली, १८९२ च्या सुमारास मुलकी पशुवैद्यक खाते आकाराला आले आणि २००६ मध्ये भारत या रोगापासून मुक्त असल्याची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भातशेती बैलांवर चाले, म्हणून तालुक्याच्या दवाखान्याचे काम म्हणजे बैलाची लस आणि घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत हे गुरांचे रोग. त्या व्यवस्थेवर कुत्र्याकडे दुर्लक्ष केल्याचा ठपका ठेवणे अन्यायाचे होईल, कारण बैल मेला तर कुटुंबाचे वर्ष बुडत असे. पण एक गोष्ट या दवाखान्याने नकळत केली. शिरेतून द्रव देण्याचे कौशल्य, सुया, नळ्या आणि सलाईनच्या बाटल्या तालुक्याच्या ठिकाणी आल्या आणि पुढे त्याच कुत्र्याच्या कामी आल्या.

तिसरी वाट माणसांच्या दुखण्यातून आली, आणि तिचा संबंध याच भूमीशी आहे. १८५६ मध्ये लोहमार्ग घाटाच्या पायथ्यापर्यंत आला आणि १८६३ मध्ये बोरघाटाची चढण रेल्वेला खुली झाली. मधल्या काळात, विशेषतः १८५९-६० च्या सुमारास, पटकीने घाटातील हजारो मजूर मारले. पटकीत मृत्यू येतो तो मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. स्कॉटलंडमधील डॉक्टर थॉमस लॅटा यांनी १८३२ मध्येच, म्हणजे मुंबईतील कुत्र्यांच्या दंग्याच्या वर्षीच, पटकीच्या रुग्णांना शिरेतून क्षारयुक्त पाणी देऊन पाहिले होते, पण ती कल्पना मागे पडली आणि घाटातल्या मजुरांपर्यंत पोहोचली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी तिला पुन्हा बळ दिले. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत दिलीप महालनाबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने देऊन मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आणले. औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी ही त्याच कामाची फलश्रुती होय. आतड्याची ही यंत्रणा माणसात आणि कुत्र्यात एकसारखी चालत असल्याने ओआरएस पशुवैद्यांच्याही हाती आले.

याच दशकात कुत्र्यांवर नवे संकट कोसळले. १९७८ च्या सुमारास पार्व्हो विषाणू जगभर पसरला आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी भारतातही त्याची नोंद झाली. मराठी घरांत या रोगाला सरसकट 'गॅस्ट्रो' म्हणतात. हा विषाणू वेगाने वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. आतड्यातील रसांकुर, म्हणजे अन्नरस शोषणारे सूक्ष्म उंचवटे, यांना नव्या पेशी पुरविणारा थर तो नष्ट करतो आणि अस्थिमज्जेतील पांढऱ्या पेशीही घटवितो, त्यामुळे रक्तमिश्रित हगवण, अखंड वांती आणि जंतुसंसर्ग एकाच वेळी होतात. उपचार न झालेली बहुसंख्य पिल्ले दगावतात. वेळेवर शिरेतून द्रव, वांतीवरील औषध व प्रतिजैविके मिळाल्यास बहुतेक वाचतात.

नेमक्या याच काळात घरातील कुत्र्याचा आकार लहान होत गेला. पांढऱ्याशुभ्र, लोकभाषेत 'पामेरियन' म्हटल्या जाणाऱ्या स्पिट्झ जातीच्या कुत्र्याला मध्यमवर्गीय घरांनी आपलेसे केले आणि १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटातील टफी या कुत्र्याने त्यात भर घातली. लहान कुत्र्याचे दुखणे निराळ्या गतीने चालते. तीन किलोच्या कुत्र्याच्या शरीरातून अवघे ३०० मिलिलिटर पाणी गेले तरी ती वजनाच्या १० टक्के, म्हणजे प्राणावर बेतणारी, तूट असते. उपाशीपोटी त्याच्या रक्तातील साखरही झपाट्याने उतरते. बैलाला किंवा मोठ्या राखणदार कुत्र्याला चालून जाणारी 'उद्या पाहू' ही सवलत त्याला नाही, आणि जुनी एक दिवस उपाशी ठेवण्याची रीत लहान पिल्लाच्या बाबतीत म्हणूनच सोडून द्यावी लागली. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली असता ती सावकाश बसणे, हिरड्या कोरड्या व फिकट पडणे, या पाणी घटल्याच्या खुणा आहेत. वांती थांबल्यावर चमच्या-चमच्याने पाणी, नंतर मऊ भात व बिनमसाल्याचे उकडलेले कोंबडीचे मांस थोडेथोडे देणे, या पथ्यात पेज पुन्हा आपल्या जागी येते. माणसांसाठीच्या वेदनाशामक गोळ्यांना मात्र येथे मज्जाव आहे, कारण त्यांतील काही कुत्र्याच्या जठराला, यकृताला व मूत्रपिंडाला इजा करतात.

मुंबईकरांची शेतघरे आणि स्थानकाजवळच्या इमारती वाढल्यावर बाहेरची पिल्ले आणि गावची कुत्री एकाच अंगणात येऊ लागली, आणि लसीचे वेळापत्रक हा शुश्रूषेचा अविभाज्य भाग झाला. आईच्या दुधातून मिळालेली संरक्षक द्रव्ये काही आठवडे लसीलाच निष्फळ करतात आणि ती नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लागणिक बदलते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सोळा आठवड्यांपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी लस पुन्हा द्यावी लागते. विषाणू जमिनीत, गोधडीत व भांड्यांवर महिनोन्महिने टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. त्यामुळे ज्या घरात पिल्लू पार्व्होने गेले तेथील फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुण्यास, अंथरूण नष्ट करण्यास आणि पुढचे पिल्लू लसी पूर्ण झाल्यावरच आणण्यास पशुवैद्य सांगतात.