दक्षिण मराठा मुलखातील वली आणि खनिज तेलाचा शोध

कोल्हापूरच्या भूमीचा विचार करताना पन्हाळ्याच्या माथ्यावरील जांभा आणि त्याखालचा काळा कातळ एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून सिद्ध झालेले हे विस्तीर्ण आच्छादन जिल्ह्याच्या दक्षिण सरहद्दीकडे विरळ होत जाते, आणि त्याच्या कडेला, बेळगाव व बागलकोटच्या मुलखात, त्याहून कितीतरी प्राचीन असे वालुकाश्म, चुनखडक आणि क्वार्टझाइट उघडे पडतात. आजरा व गडहिंग्लजचे पाणी घेऊन जाणारी हिरण्यकेशी ज्या घटप्रभेला मिळते, ती गोकाक येथे सुमारे 52 मीटर खाली उडी घेते, ती याच प्राचीन प्रदेशातील वालुकाश्माच्या कड्यावरून.

या मुलखाचे पहिले शास्त्रशुद्ध वर्णन रॉबर्ट ब्रूस फूट यांनी केले. 1858 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू झालेल्या या अधिकाऱ्याने दक्षिण मराठा मुलखाची पाहणी करून 1876 मध्ये आपला विस्तृत वृत्तांत प्रसिद्ध केला आणि या खडकांना कलादगी हे नाव दिले. महसूल खात्याचा मोजणीदार जमिनीची लांबी-रुंदी मोजतो. भूशास्त्रज्ञाला त्याखेरीज थर कोणत्या दिशेला व किती अंशांनी कलला आहे, म्हणजे त्याची नती, नोंदवावी लागते, आणि अशा शेकडो नोंदी नकाशावर उतरल्यानंतरच जमिनीखालची वली, म्हणजे थरांना पडलेली घडी, दृष्टीस पडते. कधीकाळी उथळ पाण्याच्या तळाशी आडव्या साचलेल्या वाळूवरील लहरींच्या खुणा आज कललेल्या शिळांवर तशाच उमटलेल्या दिसतात, आणि एवढ्या एका शिळेवरून थर आधी साचला व मागाहून वाकला हे निर्विवाद सिद्ध होते. पुढील शतकातील अभ्यासकांनी तर खालचा वलीयुक्त बागलकोट समूह आणि त्यावर जवळजवळ आडवा विसावलेला बदामी समूह हे निरनिराळ्या कालखंडांतील होत, असे दाखवून दिले. खालचे थर वाकले, झिजले, आणि मगच वरचे साचले!

हीच दृष्टी तेलाच्या शोधाला उपयोगी पडली. कमानीसारख्या वर वाकलेल्या थराला अपनती म्हणतात. तेल व वायू पाण्याहून हलके असल्याने सच्छिद्र खडकातून वर सरकत जाऊन, माथ्यावर अभेद्य थराचे झाकण असेल तर, तेथेच अडकून राहतात. आसामात 1889 मध्ये डिगबोईला तेल लागले, तेही नागा टेकड्यांच्या पायथ्याशी, जेथे एक खडकपट्टा दुसऱ्यावर रेटला जाऊन चढला आहे, तेथील अपनतीतच. स्वातंत्र्यानंतर तेल व नैसर्गिक वायू आयोगाने 1957 मध्ये आपली पहिली विहीर खोदली ती हिमालयाच्या पायथ्याशी ज्वालामुखी येथे. अंबाबाईच्या कोल्हापूर नगरीला शक्तिपीठ म्हणून परिचित असलेल्या त्या क्षेत्री देवीची ज्योत पेटती ठेवणारा वायू भूगर्भातूनच येतो. वायू लागला, परंतु व्यापारी उत्पादनाजोगा साठा हाती आला नाही. पुढे 1974 साली मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडले तेव्हा महाराष्ट्राला या शोधाचे फळ प्रत्यक्ष मिळाले.

मग कोल्हापूरच्या शेजारच्या वलींत तेल का नसावे? कारण वली हे केवळ पात्र आहे. पात्रात साठवण्यास तेल हवे, तेलासाठी गाडली गेलेली सेंद्रिय द्रव्ये हवीत, योग्य उष्णता हवी आणि पुढील कोट्यवधी वर्षे टिकणारे झाकणही हवे. कलादगीचे खडक भूमीवर वनस्पती व प्राणी अवतरण्यापूर्वीचे आहेत, आणि एवढ्या प्रदीर्घ काळात असा साठा अभंग राहणे दुर्घट. उत्तरेस कोयना परिसरातील खोल वेधनाने तर काळ्या कातळाच्या सुमारे 930 मीटर जाडीखाली एकदम ग्रॅनाइटच दाखविला. तेल जन्मास घालणारे गाळाचे थर मध्ये आढळलेच नाहीत.

या नकाराचे मोल मात्र कमी लेखता येणार नाही. कोठे खोदू नये हे सांगणारे शास्त्र सरकारी तिजोरीचे तितकेच रक्षण करते, जितके कोठे खोदावे हे सांगणारे करते. गोकाकला किंवा बदामीला सहलीस जाणाऱ्या आपल्या शाळा-महाविद्यालयांनी धबधबा व लेणी पाहून परतण्यापूर्वी विद्यार्थ्यांच्या हाती एकदा होकायंत्र व नतिमापक द्यावे, आणि दीडशे वर्षांपूर्वी ज्या खडकांची नोंद झाली त्यांची नती त्यांना स्वतः मोजू द्यावी.