जुनी ऑस्टिन सेव्हन आणि संशोधनातली मर्यादा



पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण मला एक प्रश्न हमखास विचारतात. "दादा, आमच्या विभागातली उपकरणं सगळी जुनी आहेत. अशा ठिकाणी चांगलं संशोधन होतं का? की मोठ्या संस्थेत नंबर लागेपर्यंत थांबावं?"

प्रश्न खरा आहे. फेलोशिपची वर्षं मोजलेली असतात आणि चुकीच्या ठिकाणी दोन वर्षं गेली तर ती परत मिळत नाहीत. म्हणून "जिद्द असली की सगळं होतं" असं उत्तर मी देणार नाही. त्याऐवजी एका मोटारीचा इतिहास सांगतो. यात थोडं भौतिकशास्त्र आहे आणि शेवटी माझी स्वतःची फजितीही आहे.

गाडी कोणती?

१९२१ साली इंग्लंडमधली ऑस्टिन कंपनी आर्थिक अडचणीत सापडून रिसीव्हरच्या ताब्यात गेली होती. मालक हर्बर्ट ऑस्टिन यांना वाटत होतं की साध्या माणसाला परवडेल अशी लहान मोटार काढली पाहिजे. संचालक फारसे उत्सुक नव्हते. मग ऑस्टिननी कारखान्यातला स्टॅन्ली एज नावाचा अठरा वर्षांचा ड्राफ्ट्समन आपल्या घरी बोलावला आणि घरातल्या बिलियर्ड खेळायच्या खोलीत नव्या गाडीचे आराखडे तयार झाले. १९२२ मध्ये आलेली ही गाडी म्हणजे ऑस्टिन सेव्हन. १९३९ पर्यंत अशा सुमारे २ लाख ९० हजार गाड्या बनल्या.

गाडी अगदी चिमुकली. वजन साधारण ३६० किलो, इंजिनची ताकद सुरुवातीला जेमतेम दहा हॉर्सपॉवर. सिलिंडर चार, प्रत्येकाचा व्यास २.२ इंच आणि पिस्टनचा प्रवास ३ इंच. कागद घ्या आणि गणित करून पाहा, उत्तर ७४७ सीसीच्या आसपास येतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

१९३९ मध्ये 'मोटर स्पोर्ट' मासिकाचे संपादक बिल बॉडी यांच्या पुढाकाराने या गाडीच्या शौकिनांचा ७५० क्लब सुरू झाला आणि लगेच महायुद्ध आलं. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनमध्ये पेट्रोल रेशनवर होतं आणि नव्या गाड्या बहुतेक निर्यातीसाठी जात होत्या. हौशी माणसाला शर्यतीची गाडी विकत घेणं शक्यच नव्हतं. पण जुन्या ऑस्टिन सेव्हन स्वस्तात मिळत होत्या. लोकांनी त्यांचे जड सांगाडे उतरवले, पत्र्याची हलकी बॉडी चढवली आणि घरामागच्या शेडमध्ये स्वतःची रेसिंग कार बनवायला सुरुवात केली. अशा घरगुती गाडीला तिकडे 'स्पेशल' म्हणत.

नियम कशाला?

इथे आपल्या कामाचा पहिला मुद्दा येतो. प्रत्येकाने हवी तशी गाडी बनवली तर शर्यतीत काय सिद्ध होणार? ज्याचा खिसा मोठा तो जिंकणार. म्हणून क्लबने १९४९ मध्ये '७५० फॉर्म्युला' ठरवला. इंजिन ऑस्टिन सेव्हनचं आणि चासीची चौकटही ऑस्टिन सेव्हनची. या चौकटीत राहून डोकं चालवा. हॉलंड बर्केट नावाचे गृहस्थ या सगळ्यामागे मोठा आधार होते. पेशाने ते जनावरांचे डॉक्टर. १९६३ मध्ये विमान अपघातात ते गेले. क्लबची सहा तासांची रिले शर्यत आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

प्रयोगाच्या भाषेत सांगायचं तर क्लबने काही चल स्थिर ठेवले. सगळ्यांचं इंजिन एकाच जातीचं, चौकट एकाच जातीची. त्यामुळे एखादी गाडी पुढे गेली तर ती का गेली हे निदान शोधता येत होतं. मर्यादेमुळे तुलना शक्य झाली. रिसर्च प्रपोजलमधला 'व्याप्ती आणि मर्यादा' हा भाग आपण शेवटच्या रात्री कसाबसा भरतो. खरं तर आपला प्रश्न तिथेच ठरतो.

आधी देखभाल

आता इंजिन उघडू. ऑस्टिन सेव्हनचा क्रँकशाफ्ट मूळ रचनेत फक्त दोन टोकांच्या बेअरिंगवर फिरायचा. चार पिस्टनचा मार खाणारा दांडा आणि मधे आधार नाही. दोन खुंट्यांवर टेकवलेल्या काठीवर मधोमध ओले कपडे टाकले की ती जशी वाकते तसाच प्रकार. त्यात फेरे दुप्पट केले की फिरणाऱ्या भागांची बलं चौपट होतात. नवखा माणूस हौसेने इंजिन जास्त पळवायचा आणि क्रँकशाफ्ट तुटायचा. १९३६ पासून कंपनीने मधे तिसरं बेअरिंग दिलं, पण शेडमध्ये येणाऱ्या कित्येक गाड्या त्याआधीच्या होत्या.

तेलाचंही तसंच. तेलाचा दाब अगदी कमी. दोन बारीक तोट्यांतून तेलाची धार उडते आणि फिरता क्रँकशाफ्ट ती झेलून आतल्या बेअरिंगपर्यंत नेतो. तोटीत कचरा अडकला तर ते बेअरिंग कोरडं पडून खलास. म्हणून या तोट्या साफ करता याव्यात अशी सोय इंजिनातच केलेली होती.

त्यामुळे जाणकार मंडळी ताकद वाढवण्याआधी इंजिन पूर्ण खोलत. तोट्या साफ करत, क्रँकशाफ्टमधल्या तेलाच्या वाटांतला गाळ काढत आणि क्रँकशाफ्ट टांगून त्यावर हलकेच हातोडी मारत. नाद खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. माठ घेताना आपण टिचकी मारतो तशीच ही परीक्षा.

आपण याला पटकन 'जुगाड' म्हणून मोकळे होऊ. मला ते पटत नाही. जुगाडात वस्तू चालली की आपण तिथेच थांबतो, ती का चालली याची नोंद कोणी ठेवत नाही. या लोकांनी नोंदी ठेवल्या, क्लबच्या बुलेटिनमध्ये छापल्या आणि एकमेकांचं वाचून सुधारणा केल्या. आपल्या जर्नलचं काम त्यांच्याकडे ते बुलेटिन करत होतं.

चॅपमनने काय पाहिलं?

या क्लबातलं पुढे सर्वांत गाजलेलं नाव म्हणजे कॉलिन चॅपमन, लोटस कंपनीचा संस्थापक. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये तो स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकला. १९४८ मध्ये त्याने एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर पहिली गाडी बनवली, तीही मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये. पण आपल्याला पाहायची आहे ती १९५१ची लोटस मार्क थ्री, खास ७५० फॉर्म्युलासाठी बनवलेली. तिच्या बांधणीत मायकल आणि नायजेल अॅलन हे भाऊ त्याच्या सोबत होते.

चौकटीचं उदाहरण घ्या. ऑस्टिन सेव्हनच्या चासीच्या दांड्या पन्हळीसारख्या होत्या, एका बाजूने उघड्या. असा दांडा पिळला की सहज वळतो. चार्टपेपरची नळी करा, कडा चिकटवा आणि पिळून पाहा. मग तीच नळी लांबीत कापून पुन्हा पिळा. फरक हाताला कळेल. मार्क थ्रीमध्ये या उघड्या दांड्या पट्टी जोडून बंद केल्या होत्या. चौकट ऑस्टिनचीच, नियम पाळलेला, पण आता ती पिळवटत नव्हती. चौकट ताठ झाली की चाकांची हालचाल स्प्रिंगच्या ताब्यात येते आणि गाडी वळणावर धरून राहते.

इंजिनचा प्रश्न अवघड होता. या इंजिनात शेजारच्या दोन सिलिंडरांना मिळून हवा-पेट्रोल आत घ्यायची वाट एकच. सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२. क्रम नीट बघा. तीननंतर लगेच चार आणि दोननंतर लगेच एक, म्हणजे एका वाटेवरचे दोघे शेजारी पाठोपाठ ओढतात आणि एकाच्या वाट्याचं मिश्रण दुसरा पळवतो. बाकीचे लोक कार्ब्युरेटर बदलून पाहत होते. मार्क थ्रीमध्ये त्या सामाईक वाटेतच मधे पडदा घातला गेला. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाट मिळाली आणि ताकद लक्षणीय वाढली. त्या मोसमात या गाडीपुढे कोणाचं फारसं चाललं नाही.

मग काय झालं? नियम बदलला. ही युक्ती पुढे बंद करण्यात आली.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. हुशारीची शिक्षा वाटली. आता तसं वाटत नाही. त्या पडद्याने एक गोष्ट कायमची सिद्ध केली, की इंजिनला अडवणारी जागा ती होती. नियमाने शर्यत वाचवली, शोध पुसला नाही. चॅपमनलाही पुढचा प्रश्न शोधावा लागला आणि तो त्याने शोधला.

ज्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत

इथे सावध राहा. चॅपमनची गोष्ट ऐकून "बघा, जुन्या गाडीतून लोटस उभी राहिली" असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. न्यूझीलंडमध्ये ब्रूस मॅक्लॅरननेही १९५२ मध्ये, शाळकरी वयात, वडिलांबरोबर दुरुस्त केलेल्या ऑस्टिन सेव्हन अल्स्टरवर मुरिवाईच्या घाट-चढाईच्या स्पर्धेत भाग घेतला आणि पुढे त्याच्या नावाचा संघ उभा राहिला. दोन उदाहरणं झाली की आपल्याला नियम सापडल्यासारखं वाटतं.

पण शेडमध्ये स्पेशल बनवणारे हजारो होते. बहुतेकांच्या नावाची कंपनी निघाली नाही. कित्येक गाड्या अर्धवट राहिल्या, कित्येक क्रँकशाफ्ट तुटले. फक्त यशस्वी लोक मोजून काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो, हे संख्याशास्त्राच्या पेपरात आपण लिहितो आणि प्रेरणादायी गोष्ट ऐकताना विसरतो. जुनं यंत्र मिळालं म्हणून कोणी चॅपमन होत नाही. आणि चॅपमन झाला नाही त्याचं काम वाया गेलं असंही नाही, कारण त्या बुलेटिनमधल्या नोंदी अशाच लोकांच्या होत्या.

माझी फजिती

आता माझं. आमच्या प्रयोगशाळेत पातळ थर बनवायची एक व्हॅक्यूम यंत्रणा आहे, माझ्या आधी तीन विद्यार्थ्यांनी वापरलेली. दुसऱ्या वर्षी मी उत्साहात तिच्यात एकाच आठवड्यात दोन बदल केले. पंपाचं तेल बदललं आणि नमुना धरणारा जुना होल्डर काढून नवा बसवला. पुढच्या नमुन्यांचे गुणधर्म एकदम वेगळे आले. मी खूश झालो, गाइडना आलेख दाखवले. त्यांनी एवढंच विचारलं, "कशामुळे?"

मला सांगता येईना. बदलाआधी यंत्रणा किती वेळात किती निर्वात होते हे मी कधी मोजलंच नव्हतं. तेलामुळे फरक पडला की होल्डरमुळे, हे वेगळं करायला जुना होल्डर शोधून पुन्हा बसवावा लागला आणि चार महिने गेले. फरक शेवटी होल्डरचा निघाला. नमुना आधीपेक्षा जास्त तापत होता, बस. पेपर त्यावर झाला नाही, आणि फेलोशिपचे ते चार महिनेही संपले.

ऑस्टिन सेव्हनवाल्यांच्या गोष्टी मी त्याच काळात रात्री वाचत होतो. ते गाडी खोलण्याआधी ती आहे तशी चालवून वेळ नोंदवतात हे वाचलं आणि मला माझ्या वहीचं कोरं पहिलं पान आठवलं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. जुन्या उपकरणावर संशोधन होतं, पण प्रवेश घेण्याआधी त्या विभागात एकदा जाऊन या. यंत्र किती जुनं आहे हे विचारूच नका. ते शेवटचं कोणी खोललं, काय बदललं आणि ते कुठे लिहून ठेवलंय हे विचारा. कोणी झिजलेली, तेलाचे डाग पडलेली वही काढून दाखवली तर बिनधास्त प्रवेश घ्या. नवंकोरं यंत्र असूनही वही नसेल, तर पहिलं पान तुम्हालाच लिहावं लागेल. ते कोणताही बदल करण्याआधी लिहा.