डिस्नेलँडची रांग: कूपनापासून पासापर्यंत

रांग ही वस्तु दिसावयास साधी असली तरी तिच्यांत एक अलिखित करार दडलेला असतो. जो आधीं आला त्याला आधीं मिळावें, मागाहून आलेल्यानें मागें उभें राहावें, आणि राव असो कीं रंक, दोघांनींहि आपला वेळ सारखाच मोजून द्यावा, हा तो करार होय. पंढरपुरास दर्शनबारींत तासन्‌तास तिष्ठत राहणारा वारकरी हा करार मनोमन मानूनच उभा असतो. पुढचा माणूस आपल्या आधीं आला, एवढें समाधान त्याला पुरतें. गर्दी वाढल्यानें हा करार मोडत नाहीं. बाजूच्या दारानें कोणी आंत शिरतांना दिसला, म्हणजे तो मोडतो. अमेरिकेंतील डिस्नेच्या क्रीडोद्यानांत हें बाजूचें दार कसें उघडलें, कोणासाठीं उघडलें आणि त्याची किंमत कोणाच्या पदरीं पडली, याचा इतिहास सत्तर वर्षांचा आहे. आणि विषय मुलांच्या खेळाचा असला तरी त्यांत न्यायाचा प्रश्न गुंतलेला आहे.

या उद्यानांत येणारे लोक दोन प्रकारचे. एक नित्याचे, दुसरे नैमित्तिक. नित्याचा मनुष्य जवळच्या गांवीं राहतो, वर्षाचा पास बाळगतो, आणि सायंकाळीं फिरावयास निघावें तसा तेथें जातो. नैमित्तिक पाहुणा शेंकडों मैलांवरून येतो. कित्येकदां कुटुंबाच्या आयुष्यांत ही यात्रा एकदांच घडते. पहिल्याचा एखादा खेळ हुकला तर तो पुढल्या आठवड्यांत पाहील. दुसऱ्याला पुढला आठवडा नसतो. व्यवस्थेचा कोणताहि नियम या दोघांवर सारखा पडत नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे पुढील सर्व घडामोडींचा अर्थ नीट लागतो.

कॅलिफोर्नियांतील अनाहाइम येथें ता. १७ जुलै १९५५ रोजीं वॉल्ट डिस्ने यांचें डिस्नेलँड उघडलें. प्रौढ माणसाला आंत जाण्याचा आकार एक डॉलर होता, आणि आंतील प्रत्येक खेळाचे पैसे निराळे द्यावे लागत. दर खेळापाशीं खिशांत हात घालावा लागणें पाहुण्यांना जाचक वाटूं लागलें, म्हणून त्याच वर्षीं ऑक्टोबरांत कूपनांचीं पुस्तकें निघालीं. आरंभीं 'ए', 'बी' आणि 'सी' अशा तीन प्रतींचीं कूपनें असत; १९५६ सालीं 'डी' आलें आणि १९५९ सालीं 'ई' आलें. 'ए' कूपनावर लाकडी घोड्यांच्या चक्रासारखी साधी फेरी मिळे. 'ई' हें सर्वांत मानाचें. त्या वर्षीं उघडलेली मॅटरहॉर्न पर्वतावरची घसरगाडी, पाणबुडीची सफर आणि एकरुळी गाडी यांच्यासाठीं तें काढावें लागे.

हीं कूपनें केवळ वसुलीचें साधन नव्हतीं. पुस्तकांत 'ई'चीं पानें मोजकीं असत, त्यामुळें उत्तम खेळ कोणता आणि तो किती वेळां पाहावयाचा, याचा विचार ज्याचा त्याला करावा लागे. एकाच गाडींत पुनःपुनः बसण्याची हौस ज्याला असे, त्याला नवीन कूपन विकत घ्यावें लागे. परिणामीं उत्तम खेळांवरची गर्दी आपोआप आवरली जाई, आणि उरलेलीं 'ए' आणि 'बी' कूपनें घरोघरच्या खणांत वर्षानुवर्षें पडून राहत. 'ई' तिकीट हा शब्द तर इंग्रजी भाषेंत उत्तमाचा पर्याय होऊन बसला. १९८३ सालीं अंतराळांत गेलेल्या पहिल्या अमेरिकन महिला सॅली राइड यांनीं आपल्या उड्डाणाला याच तिकिटाची उपमा दिली. गंमत अशी कीं तें तिकीट त्यापूर्वी एक वर्ष बंद झालें होतें.

१९८२ सालीं कूपनें गेलीं आणि एकाच तिकिटांत सर्व खेळ, अशी पद्धति आली. ही सुधारणा उदार दिसते, आणि होतीहि. परंतु तिचा एक परिणाम अटळ होता. जें फुकट झालें त्याची किंमत आतां पैशाऐवजीं वेळानें द्यावी लागणार होती. दहाव्यांदा त्याच गाडींत बसणाराला कांहीं खर्च येईना. आणि त्याच्या मागें, आयुष्यांत प्रथमच आलेलें मूल दीड तास उन्हांत उभें राहूं लागलें. पुढें वार्षिक पासांचा प्रसार झाला, तेव्हां नित्याच्या मंडळींची संख्याहि वाढत गेली. दक्षिण कॅलिफोर्नियाची दाट वस्ती डिस्नेलँडच्या दाराशींच असल्यामुळें तेथें हा वर्ग विशेष बळावला. फ्लॉरिडांत १९७१ सालीं उघडलेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्यें मात्र दूरदेशच्या प्रवाशांचा भरणा अधिक राहिला.

रांगेचें शास्त्र तोंपर्यंत बरेंच पुढें गेलें होतें. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील गणिती एर्लांग यांनीं १९०९ सालींच त्याचा पाया घातला होता. पण गणित कितीहि केलें तरी गाडींत जितक्या बैठका आहेत तितकींच माणसें बसणार, ही मर्यादा कोणालाहि ओलांडतां येत नाहीं. डिस्नेच्या व्यवस्थापकांनीं म्हणून दुसराच विचार केला. रांग नाहींशी करतां येत नसेल, तर मनुष्याला रांगेंतून मोकळें करतां येईल. त्यानें उभें राहण्याऐवजीं चिठ्ठीनें उभें राहावें, आणि तो स्वतः तोंवर जेवावें, हिंडावें, दुकानांत जावें. दुकानांत जावें, हें व्यवस्थापकांच्या मनांत नसेल असें समजण्याचें कारण नाहीं.

ही चिठ्ठी म्हणजे फास्टपास. १९९९ सालीं ती सुरू झाली. प्रवेशाचें तिकीट यंत्रांत सरकवलें कीं एक कागद बाहेर पडे, आणि त्यावर परत येण्याची एक तासाची मुदत छापलेली असे. त्या तासांत आल्यास निराळ्या दारानें, थोडक्या वेळांत आंत जातां येई. दाम कांहीं नाहीं. श्रीमंत-गरीब, नित्य-नैमित्तिक सर्वांना एकच नियम. कागदावर याहून समतेची व्यवस्था कल्पिणें कठीण.

प्रत्यक्षांत काय झालें तें पाहण्यासाठीं लहानसा हिशेब पुरेसा आहे. समजा, एका खेळांत तासाला १५०० माणसें बसतात, आणि साध्या रांगेंत ६०० माणसें उभीं आहेत. चिठ्ठीची पद्धति नसेल तर शेवटच्या माणसाची पाळी २४ मिनिटांत येईल. आतां पांचांपैकीं चार बैठका चिठ्ठीवाल्यांसाठीं राखल्या, तर साधी रांग तासाला ३०० या गतीनें सरकेल आणि त्याच शेवटच्या माणसाला दोन तास लागतील. चिठ्ठीवाले रांगेंत नसल्यामुळें ती रांग आंखूड होईल हें खरें. परंतु मोकळे झालेले हे लोक हवेंत विरत नाहींत. ते शेजारच्या खेळाच्या रांगेंत जाऊन उभे राहतात, म्हणजे एकच मनुष्य एकाच वेळीं दोन ठिकाणीं रांगेंत असतो. ज्याला ही युक्ति ठाऊक नाहीं तो एकाच ठिकाणीं असतो.

आणि ठाऊक असणें हाच खरा भेद ठरला. नित्याच्या मंडळींना यंत्रें कोठें आहेत, कोणत्या खेळाच्या चिठ्ठ्या सकाळींच संपतात, दुसरी चिठ्ठी केव्हां काढतां येते, हें सर्व तोंडपाठ असे. घरांतील एका चपळ माणसानें सर्वांचीं तिकिटें घेऊन उद्यानाच्या दुसऱ्या टोकाला धांवावें, आणि इतरांनीं सावकाश चालावें, अशी रीतच पडली. त्याहून मौजेची गोष्ट म्हणजे छापलेली मुदत टळून गेल्यावरहि चिठ्ठी बहुधा चालत असे. जाणते लोक दिवसभर चिठ्ठ्या जमवीत आणि रात्रीं एकामागून एक वापरीत. नवखा पाहुणा मात्र मुदत गेली म्हणून हळहळून तो कागद फेकून देई. फ्लॉरिडांत २०१२ सालीं मुदतीचा नियम कडकपणें पाळला जाऊं लागला, तेव्हां जुन्या मंडळींनीं मोठाच आक्रोश केला. नियम मोडण्याची संवय पुरेशी जुनी झाली म्हणजे तिला हक्क म्हणूं लागतात, त्यांतलाच तो प्रकार.

पुढल्या पावलानें पारडें उलटलें. २०१३-१४ सालीं फ्लॉरिडांत कागदाची यंत्रें जाऊन मनगटावरची पट्टी आणि फास्टपास-प्लस आला. या सर्व योजनेला सुमारें शंभर कोटी डॉलर खर्च आल्याचें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. आतां धांवण्याचें काम उरलें नाहीं. तीन खेळ घरबसल्या आगाऊ नोंदवून ठेवतां येऊं लागले: डिस्नेच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना ६० दिवस आधीं, इतरांना ३० दिवस आधीं. जो प्रवासी वर्षभर आधीं सुटीचा बेत आंखतो, त्याला हें वरदानच होतें. पण कचेरींतून परततांना सहज उद्यानाकडे वळणारा स्थानिक पासवाला यांत सांपडला. महिनाभर आधीं ठरवून सहज कसें जावयाचें? उत्तम खेळ हॉटेलवाल्यांनींच आधीं अडवलेले असत. तीस वर्षांचा अनुभव एका रात्रींत निरुपयोगी झाला. शिवाय ज्या खेळांना पूर्वी कधीं रांग नव्हती, त्यांनाहि नोंदणी लागू केल्यामुळें तेथेंहि लोक ताटकळूं लागले. मूळच्या डिस्नेलँडमध्यें ही पद्धति आणलीच गेली नाहीं. तेथें २०१७ सालीं दिवसाला १० डॉलर घेऊन फोनवरून चिठ्ठी काढण्याची सोय झाली. दाम घेण्याची सुरुवात ती ही. इतर कंपन्यांच्या उद्यानांत पैसे घेऊन पुढें सोडण्याची प्रथा तत्पूर्वीच रुळली होती.

२०१९ सालच्या डिसेंबरांत फ्लॉरिडांत 'राइज ऑफ द रेझिस्टन्स' हा खेळ उघडला, तेव्हां साधी रांग मुळींच ठेवली नाहीं. सकाळीं फोनवर गट-क्रमांक मिळवावयाचा, आणि ते क्रमांक कांहीं मिनिटांत संपत. ज्याला हें माहीत नव्हतें तो पाहुणा दुपारीं दारापाशीं येऊन विचारी, रांग कोठें आहे? रांगच नव्हती. थांबण्याची तयारी असलेल्या गरिबाला थांबण्याचाहि मार्ग बंद झाला. रांगेच्या इतिहासांत ही गोष्ट सर्वांत विलक्षण म्हटली पाहिजे, कारण धीर हें एकच नाणें असें आहे कीं तें सर्वांच्या खिशांत असतें.

नंतर महामारी आली. मार्च २०२० मध्यें उद्यानें बंद पडलीं. फ्लॉरिडांतलीं जुलैंत उघडलीं, कॅलिफोर्नियांतलीं ता. ३० एप्रिल २०२१ रोजीं. आतां खेळाचीच नव्हे, तर उद्यानांत पाऊल टाकण्याचीहि नोंदणी आवश्यक झाली. डिस्नेलँडनें जुने वार्षिक पास रद्द करून २०२१ च्या ऑगस्टांत नवे काढले. त्यांतील सर्वांत महाग पासावर कोणताहि दिवस वर्ज्य नाहीं असें सांगितलें होतें. परंतु तिकीटवाल्यांना जागा मिळत असतां पासवाल्यांना त्याच दिवसाची नोंदणी मिळेना. प्रकरण न्यायालयांत गेलें आणि २०२३ सालीं ९५ लाख डॉलरांवर तडजोड झाली. फ्लॉरिडांत तारखेच्या तिकिटासाठीं ही प्रवेश-नोंदणी जानेवारी २०२४ मध्यें उठवण्यांत आली.

विनामूल्य फास्टपास मात्र परत आला नाहीं. ऑक्टोबर २०२१ पासून फ्लॉरिडांत माणशीं दिवसाला १५ डॉलर देऊन बाजूच्या दारानें जाण्याची सोय झाली, आणि एकदोन अति लोकप्रिय खेळांचे पैसे त्याहि वर निराळे पडूं लागले. पुढील वर्षापासून हा दर गर्दीच्या मानानें दररोज बदलूं लागला. चौघांच्या कुटुंबाला प्रवेशाच्या तिकिटांवर हा भार सोसावा लागे. नित्याचा पासवाला तो सोडून देऊं शकतो, कारण त्याला पुन्हा यावयाचें असतें. एकदांच आलेल्या बापाला मुलादेखत नाहीं म्हणणें जड जातें.

जुलै २०२४ मध्यें नांवें बदललीं आणि आगाऊ नोंदणी परत आली: हॉटेलांत उतरणाऱ्यांना सात दिवस आधीं, इतरांना तीन दिवस आधीं. त्याच वर्षाच्या अखेरीस एक नवा पास निघाला. आरंभीं फ्लॉरिडांतील मॅजिक किंग्डममध्यें त्याचा दर गर्दी पाहून ४४९ डॉलरपर्यंत जाई. त्याला मुदतीचें बंधन नाहीं, धांवपळ नाहीं, पहाटेची नोंदणी नाहीं. वाटेल तेव्हां जावें आणि बाजूच्या दारानें आंत शिरावें. फक्त एक अट घातलेली आहे. जुन्या 'ई' कूपनाप्रमाणेंच त्या पासावर एक खेळ एकदांच पाहतां येतो.