निगेटिव्ह म्हणजे काय रे भाऊ?

आजचा भाग थोडा घरचा आहे. गेल्या वर्षी माझ्या मावशीच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा रत्नागिरीहून मुंबईला तपासायला पाठवला होता. रिपोर्ट आला मोबाईलवर. घरात इंजिनीअर मी, त्यामुळे वाचायचं काम माझ्याकडे. 'पी६३ निगेटिव्ह' एवढं दिसलं आणि मी आईला सांगून टाकलं, "निगेटिव्ह आहे, काळजी करू नको."

साफ चुकलो होतो. का, ते समजायला मला १९४१ सालापर्यंत मागे जावं लागलं.

त्या वर्षी २८ फेब्रुवारीला परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथली प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी उभी केली. त्यांच्याच हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे यांनी उंदरांच्या स्तनग्रंथींचा अभ्यास करून १९४९ साली पीएचडी मिळवली. तेव्हा पेशी बघायच्या त्या गुलाबी-जांभळ्या रंगात. कॅन्सर आहे हे बहुतेक वेळा दिसायचं. पण तो दुधाच्या नळीच्या आतच आहे की बाहेर पडलाय, हे काही वेळा नुसत्या आकारावरून ठरवणं अवघड जायचं.

आता आपल्या भाषेत सांगतो. कलमांच्या बागेभोवती जांभ्या दगडाचा गडगा असतो ना? तसा दुधाच्या नळीभोवती मायोएपिथेलियल पेशींचा थर असतो. दूध पुढे ढकलायचं काम त्यांचं. कॅन्सर नळीच्या आतच असेल तर हा गडगा साधारण शाबूत असतो. बाहेर पसरला की त्या पेशींभोवती गडगाच नसतो.

गंमत बघा, त्याच १९४१ साली अमेरिकेत अल्बर्ट कून्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँटीबॉडीला चमकणारा रंग जोडून दाखवला. म्हणजे ठरावीक प्रथिन शोधून तिथेच रंग उमटवायचा. १९६०च्या दशकात चमकत्या रंगाऐवजी एन्झाइम जोडलं गेलं आणि साध्या मायक्रोस्कोपखाली तपकिरी रंग दिसायला लागला. १९७५ साली केंब्रिजला कोलर आणि मिलस्टीन यांनी एकाच जातीच्या अँटीबॉडी हव्या तितक्या बनवायची रीत काढली. १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं.

पी६३ हे त्या गडग्याच्या पेशींच्या केंद्रकातलं प्रथिन. केंद्रकं सुटी सुटी, म्हणून रंगाचे ठिपके तुटक दिसतात. मधली फट म्हणजे भगदाड की नुसतं अंतर? म्हणून जोडीला स्मूथ मसल मायोसिन हेवी चेन किंवा कॅल्पोनिन बघतात. ते पेशीच्या अंगात असतात, त्यामुळे गडग्याची सलग रेघ दिसते. आणि या सगळ्याचा मेळ पॅथॉलॉजिस्ट पेशींच्या रचनेशी घालतात.

म्हणजे ही तपासणी कॅन्सर शोधतच नव्हती, गडगा शोधत होती. मावशीच्या गाठीभोवती तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं. मग मावशीपुढे बसून आपली चूक सांगणं माझ्या वाट्याला आलं. ती म्हणाली, "अरे, आता कळलं ना? मग पुढचं बघूया." काखेतल्या गाठी तपासल्या, ऑपरेशन झालं, उपचार चालू आहेत.

तर मंडळी, रिपोर्टवर निगेटिव्ह दिसलं की पेढे वाटायच्या आधी डॉक्टरांना एक विचारा: नक्की काय शोधलं होतं?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.