उघड्यावरचें लाकूड: क्रूस, फलक आणि साग

देवळाच्या दारचा फलक व वाटेवरचा क्रूस हीं दोन्हीं उन्हापावसांत उभीं असतात. एकावर गांवाचें नांव असतें, दुसऱ्यापाशीं गांवाची श्रद्धा. महोत्सव आला कीं नवा फलक करण्याचा विचार निघतो, आणि पहिला प्रश्न उभा राहतो तो लाकडाचा. गरीब कुटुंबांनीं दिलेल्या पैशांतून उभें केलेलें काम दहा पावसाळ्यांत कुजून जावें, हें योग्य नव्हे. म्हणून या प्रश्नाचा पूर्वेतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम लाकूड कां कुजतें तें पाहूं. कुजविणाऱ्या बुरशीस ओलावा व हवा हीं दोन्हीं लागतात. लाकडांतील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या शेंकडा २० हून कमी राहिलें, तर बुरशी मूळ धरीत नाहीं. म्हणूनच खांब कुजतो तो बहुधा जमिनीलगत. वाळवीही तेथूनच शिरते. कार्ल्याच्या चैत्यगृहांत सुमारें २००० वर्षांपूर्वीं बसविलेल्या सागाच्या कमानी अद्याप जागेवर आहेत. त्यांस खडकाचें छत्र लाभलें.

उघड्यावर असें छत्र नसतें. तेथें लाकडाचा अंगचा गुणच कामास येतो. सागाच्या गाभ्यांत वाळवीस व बुरशीस न मानवणारीं तेलकट द्रव्यें असतात. मात्र सालीलगतच्या पांढरट लाकडांत हा गुण नाहीं. सावर व आंबा यांच्या फळ्या स्वस्त मिळतात, पण पावसांत लवकर जातात.

सागाची ही योग्यता आपल्या किनाऱ्यास फार पूर्वींपासून ठाऊक होती. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती. त्या काळीं तेथें इमारती लाकडाचा व्यापार चाले व जहाजेंही बांधलीं जात. १७३६ त लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले, आणि त्यांच्या घराण्यानें मुंबईची गोदी नांवारूपास आणिली. तेथें मलबारी सागाचें बांधलेलें ‘त्रिंकोमाली’ हें जहाज १८१७ त पाण्यांत उतरलें. तें इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही तरंगत आहे.

परंतु या कीर्तीची किंमत जंगलांनीं दिली. साग राखण्यासाठीं १८०६ त कंपनी सरकारनें मलबारांत कॅप्टन वॉटसन यांस वनरक्षक नेमिलें. १८२३ त तें पदच काढून टाकिलें. पुढें १८४० च्या दशकांत कलेक्टर कॉनोली व त्यांचे सहायक चातू मेनन यांनीं निलांबूर येथें सागाची लागवड केली. १८४६ च्या लागवडीचा एक भाग तेथें अद्याप राखलेला आहे. ज्यांनीं तीं रोपें लाविलीं, त्यांनीं तीं स्वतःच्या उपयोगासाठीं लाविलीं नव्हतीं.

साग दुर्मिळ झाला तसे दुसरे उपायही निघाले. १८३८ त जॉन बेथेल यांनीं लाकडांत क्रिओसोट तेल दाबून भरण्याच्या रीतीचें पेटंट घेतलें. १९३३ त डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत सोंती कामेशम यांनीं तांबें, क्रोमियम व सोमल यांचें मिश्रण सिद्ध केलें. ‘ॲस्कू’ या नांवानें तें जगभर गेलें. सोमल विषारी असल्यामुळें २००३ च्या अखेरीस अमेरिकेंत घरगुती कामांच्या लाकडांतून तें वगळण्यांत आलें. मुलें जेथें खेळतात व हात लावितात, अशा आवारांत ही गोष्ट लक्षांत ठेवणें इष्ट.

या इतिहासांतून घ्यावयाचा बोध सरळ आहे. ‘साग आहे’ एवढ्यावर संतुष्ट न राहतां फळींत गाभा किती व पांढरें लाकूड किती, तें पाहावें. कोवळ्या झाडांत गाभा थोडा असतो. लाकूड पुरतें वाळलेलें असावें. माथ्यास उतार द्यावा, आणि कापलेल्या टोकांस तेल अगर रंग भरपूर पाजावा, कारण पाणी तेथूनच अधिक शिरतें. खांब मातींत न पुरतां दगडी चौथऱ्यावर लोखंडी पट्ट्यांनीं धरावा. १८९६ त मुंबईंत प्लेग आला, तेव्हां ईस्ट इंडियन वस्त्यांतून रक्षणार्थ अनेक क्रूस उभारले गेले. त्यांतील पुष्कळ दगडाचे म्हणूनच आजही उभे आहेत. लाकडासही निदान पायाखालीं तरी दगड द्यावा.

आणि शक्य असेल तेथें आवाराच्या कडेस सागाचें एक रोप लावावें. पुढील शताब्दीचा फलक करणाऱ्यांस तें आपल्या पिढीचें देणें ठरेल.